लेखणीतील मायबोली

अहिल्यानगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या अनेक जैन घरांत आजही मारवाडी बोलली जाते. शाळा आणि पत्रव्यवहार मात्र मराठीत. अशा घरातील मूल निबंधात कधी ‘माझा घर’ लिहून जाते. मराठीत लिंगे तीन, मारवाडीत दोनच. ‘म्हारो घर’ पुल्लिंगी, म्हणून ही चूक होते. ‘होळी’तील ‘ळ’ मात्र त्याला अडत नाही, कारण तो मारवाडीतही आहे. हिंदीभाषक तेथे ‘होली’ लिहितो.

याच नगरमध्ये १८४२ साली अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांना इंग्रजीत एकच शब्द असल्याने इंग्रजीभाषकाला हा भेद प्रयत्नाने शिकावा लागतो.

अशा खुणा आता संगणकही टिपतो. २०१३ मध्ये हिंदी, तेलुगूसह अकरा मातृभाषांच्या परीक्षार्थींचे इंग्रजी निबंध तपासले गेले. सर्वोत्तम प्रणालीने शंभरातील सुमारे ८३ जणांची मातृभाषा अचूक ओळखली.

चूक दुरुस्त व्हावीच. परंतु तिला अज्ञान म्हणू नये. शिक्षकांनी ‘म्हारो घर’ आणि ‘माझे घर’ शेजारी लिहून दाखविले, तर मराठी शुद्ध होईल आणि घरची बोली लाजेपोटी सुटणार नाही.