व्हिडिओ गेमचा बिनतारी कंट्रोलर : घेताना आणि विकताना काय पाहावे?

शाळांच्या परीक्षा संपल्या की इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि मोबाईलच्या दुकानांत एक गिऱ्हाईक हमखास येते. वडील पुढे, मुलगा मागे. "व्हिडिओ गेमचा रिमोट दाखवा, वायर नसलेला." दुकानदार कपाटातून एक खोका काढतो, भाव सांगतो, थोडी घासाघीस होऊन सौदा पटतो. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा खोका घेऊन हजर. "चाचा, हा चालतच नाही." सील तुटलेले, खोका फाटलेला. घाऊक व्यापारी असा माल परत घेत नाही. नफा शंभर-दोनशे रुपयांचा आणि अंगावर पडला तो अख्खा नग!

बहुतेक वेळा त्या नगात काहीच बिघाड नसतो. तो त्या यंत्रासाठी बनलेलाच नसतो, इतकेच.

आपल्याकडे ज्याला कोणी रिमोट म्हणतो, कोणी जॉयस्टिक, त्याचे खरे नाव कंट्रोलर. नव्वदच्या दशकात कॅसेट घालून खेळायचा टीव्ही गेम मिळत असे. त्याच्या कंट्रोलरला वायर होती. पिन बसली की काम झाले, नाही बसली तर दुकानातच कळायचे. आता पिन राहिली नाही, त्यामुळे डोळ्यांनी पारख होत नाही. "वायरलेस आहे, म्हणजे सगळ्याला चालेल" हा समज इथूनच निर्माण झाला आहे आणि व्यापाऱ्यांच्या तोट्याचे मूळही तेच आहे.

हे कंट्रोलर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. घरातील वायफायही याच पट्ट्यात बोलतो. पण पट्टा एक असला तरी बोली निरनिराळ्या आहेत. काही कंट्रोलर ब्लूटूथची बोली बोलतात, काही कंपनीची खास बोली आणि काही फक्त सोबत मिळालेल्या यूएसबी डोंगलशी बोलतात. म्हणून गिऱ्हाईक आले की किंमत सांगण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "घरी यंत्र कोणते आहे?" मुलाला सांगता येत नसेल तर यंत्राचा फोटो मोबाईलवर मागवून घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे.

सर्वांत जास्त घोटाळा सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये होतो. प्लेस्टेशन ४ हे २०१३ साली आले. प्लेस्टेशन ५ हे २०२० साली आले व भारतात २ फेब्रुवारी २०२१ पासून विकले जाऊ लागले. चारचा ड्युअलशॉक ४ कंट्रोलर पाचला जोडला तर जोडला जातो, दिवा लागतो, पडद्यावरची यादीही वरखाली होते. दुकानदार खूश, गिऱ्हाईकही खूश. घरी जाऊन पाचचा खेळ लावला की तो कंट्रोलर स्वीकारला जात नाही. कारण पाचवर तो फक्त चारचे जुने खेळ खेळण्यापुरताच चालतो. उलट बाजूने तर दारच बंद आहे. पाचचा ड्युअलसेन्स चारच्या यंत्रावर चालत नाही. ड्युअलसेन्सची किंमत भारतात सुरुवातीला ५,९९० रुपये होती. एवढा महाग नग चुकीच्या यंत्रासाठी गेला, तर वाद होणारच.

बाजारात 'पी-४' असे छापलेल्या खोक्यांतून स्वस्त कंट्रोलर येतात. ते सोनीचे नव्हेत. काही बरे निघतात, काही आठवड्यात टाकून द्यावे लागतात. असा माल विकू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो दुसऱ्या कंपनीचा आहे हे गिऱ्हाईकाला आधी सांगून विकावा. घेताना नग उघडून पाहावा. नकलेत पुष्कळदा आतला स्पीकर मुका असतो किंवा कंट्रोलर हातात तिरपा केल्याचे यंत्राला कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची रीत वेगळी आहे. २०१३ साली आलेल्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर २०२० च्या सिरीज एक्स आणि सिरीज एस या यंत्रांवरही चालतात, ही चांगली सोय आहे. त्याआधीच्या एक्सबॉक्स ३६० चे मात्र चालत नाहीत. २०१६ पासून या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आले, पण ते मोबाईल व संगणकासाठी. एक्सबॉक्स यंत्र स्वतः कंपनीच्या खास बोलीतच बोलते. त्यामुळे साधा ब्लूटूथ कंट्रोलर एक्सबॉक्सला जोडलाच जाणार नाही, कितीही बटणे दाबा. शिवाय नोव्हेंबर २०२३ पासून कंपनीने परवाना नसलेली जोडसाधने यंत्रातूनच अडवण्यास सुरुवात केली. तेव्हा ज्यांच्याकडे असा माल पडून होता, त्यांना त्याचा फटका बसला.

निन्टेंडो स्विच (२०१७) या बाबतीत बराच मोकळा आहे. इतर कंपन्यांनी स्विचसाठी बनवलेले ब्लूटूथ कंट्रोलर त्यावर सहसा चालतात. मात्र जून २०२५ मध्ये स्विच २ आला, तेव्हा जुन्या यंत्रासाठी बनलेले असे अनेक कंट्रोलर त्यावर लगेच चालले नाहीत. काहींचे आतले सॉफ्टवेअर नव्याने भरावे लागले.

टीव्हीच्या मागे लावायच्या स्वस्त गेम स्टिकबरोबर जे दोन कंट्रोलर येतात, ते बहुधा त्यांच्या डोंगलवाचून निरुपयोगी असतात. नखाएवढा तो डोंगल हरवला की दोन्ही कंट्रोलर गेले. विकताना एवढे सांगितले तरी पुरे.

आता कारागीर बंधूंच्या कामाची गोष्ट. कंट्रोलर जुना झाला की हात न लावताही खेळातला माणूस एका बाजूला चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. ज्यांनी जुने रेडिओ दुरुस्त केले आहेत, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर का होत असे? आतल्या कार्बनच्या पट्टीवर घासून घासून झीज होत असे म्हणून. कंट्रोलरच्या काडीखाली तसेच दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. पट्टी झिजली, धूळ शिरली की मधली जागा चुकते. ही तक्रार स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरबाबत इतकी वाढली की, जून २०२० मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना ग्राहकांची माफी मागावी लागली.

यावर उपाय म्हणजे हॉल इफेक्टची काडी. तिच्यात लोहचुंबक व संवेदक असतो; पट्टीवर घासणे नाही, म्हणून तशी झीजही नाही. ही काही नवी करामत नव्हे. सेगाच्या ड्रीमकास्ट या १९९८ च्या यंत्रात ती होतीच. अलीकडे टीएमआर नावाचा आणखी एक चुंबकी प्रकार आला आहे, तो वीज कमी खातो. दोन कंट्रोलर सारख्याच किमतीचे असतील तर खोक्यावर हॉल किंवा टीएमआर लिहिलेला घ्यावा. आतली स्प्रिंग आणि बटणे मात्र त्यातही झिजतातच.

दुरुस्तीत चांगला रोजगार आहे. नवीन कंट्रोलरच्या किमतीपुढे सुटी काडी फार स्वस्त पडते. नेहमीच्या काडीला चौदा ठिकाणी डाग असतो. सर्व कथील नीट शोषून न घेता काडी ओढली तर पट्ट्यावरचा तांब्याचा मार्ग उखडतो आणि तीनशेच्या कामात सहा हजारांचा नग भरून द्यावा लागतो. घाई करू नये. ड्युअलसेन्सची काडी बदलल्यावर ती संगणकाला जोडून मध्यबिंदू पुन्हा ठरवावा लागतो. हे काम येत नसेल तर शिकून घ्यावे, तोपर्यंत असे नग हाती घेऊ नयेत.

बॅटरीचेही थोडे पाहावे. ड्युअलशॉक ४ मध्ये १,००० तर ड्युअलसेन्समध्ये १,५६० मिलिअँपिअर-तासांची आत बसवलेली बॅटरी आहे. पहिल्याला मायक्रो यूएसबी, दुसऱ्याला टाइप सी वायर लागते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये साधे दोन डबल-ए सेल घालतात. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. गोदामात माल पडून असेल तर दर काही महिन्यांनी आतल्या बॅटऱ्या थोड्या चार्ज कराव्यात, नाही तर नवा नगही मेलेला निघतो. आयात माल घेताना लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. बिनतारी उपकरण आयात करणाऱ्यास दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. तिची प्रत पुरवठादाराकडे मागण्यात संकोच कसला?

शेवटी एक तक्रार, जिच्यात कंट्रोलरचा दोष बहुधा नसतो. "बटण उशिरा लागते." पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. चांगल्या बिनतारी कंट्रोलरचा उशीर हाताला जाणवत नाही. पण टीव्ही स्वतः चित्र सजवण्यात वेळ घालवतो. नग बदलून देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करायला सांगावे आणि डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कला खेटून लावलेला असेल तर दूर लावायला सांगावा. तरीही तक्रार राहिली तर नग दुकानातल्या लॅपटॉपला जोडून गिऱ्हाईकासमोर तपासावा. आणि बिलावर कंट्रोलरच्या नावाबरोबर गिऱ्हाईकाने सांगितलेल्या यंत्राचे नावही लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोण काय म्हणाले होते याचा वाद राहत नाही.