परिकल्पना परीक्षण, सांख्यिकीय

परिकल्पना परीक्षण, सांख्यिकीय : समष्टीविषयीचे एखादे विधान प्रतिदर्शातील निरीक्षणांशी विसंगत आहे की नाही, हे संभाव्यतेच्या आधारे ठरविण्याची रीत. ‘फरक वा परिणाम मुळीच नाही’ अशा विधानास बहुधा शून्य परिकल्पना म्हणून घेतात. ती खरी धरून, हाती आलेले वा त्याहून टोकाचे निरीक्षण मिळण्याची संभाव्यता काढतात. ती आधी ठरविलेल्या सार्थकता पातळीहून (रूढीने ०·०५) कमी भरल्यास परिकल्पना त्याज्य ठरते.

आर. ए. फिशर यांचे १९३५ मधील उदाहरण प्रसिद्ध आहे. कपात आधी दूध ओतले की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असा एका बाईंचा दावा होता. आठ कपांपैकी चारांत दूध आधी आहे, एवढे सांगून ते चार निवडावयास लावल्यास निवडीचे ७० प्रकार संभवतात. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सु. ०·०१४ होय. तीनच बरोबर आले, तर तेवढे वा अधिक यश मिळण्याची संभाव्यता १७/७० होते व शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. मात्र बाईंना चव कळत नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत नेमका हाच भेद सुटतो.

धंद्यात प्रतिदर्श पुष्कळदा लहान असतात. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील डब्ल्यू. एस. गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने टी-कसोटीचा पाया घातला, तो याच अडचणीतून. पुढे जे. नेमन व ई. एस. पिअर्सन यांनी खरी परिकल्पना नाकारणे व खोटी न नाकारणे, या दोन चुका वेगळ्या दाखविल्या. चांगला माल नाकारल्यास उत्पादकाचे, सदोष माल स्वीकारल्यास ग्राहकाचे नुकसान होते. यांपैकी कोणती चूक अधिक महाग, हे कसोटी सांगत नाही; ते परीक्षणापूर्वीच ठरवावे लागते.