प्लॉट घेताना वरचे आभाळही मोजून घ्या

गळीत हंगाम संपत येतो, सोसायटीची वसुली वजा जाऊन उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर पडतात, आणि आपल्या भागात दोनच विषय निघतात. एक लग्नाचा, दुसरा प्लॉटचा. पोराबाळांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी आपले घर असावे, असे कोणाला वाटणार नाही? वाटणे रास्तच आहे. पण रान घेताना ढेकूळ हातात फोडून बघणारा आणि विहिरीचे पाणी चाखून बघणारा आमचा सभासद शहरातला प्लॉट घेताना मात्र एजंटाच्या गाडीवर मागे बसतो, गुंठ्याचा दर तेवढा विचारतो आणि इसार देऊन मोकळा होतो. घर बांधायला काढले की मग समजते, जागा आपली असली तरी तिच्यावरचे सगळे आभाळ काही आपले नाही. दोन मुलांना दोन मजले काढू म्हणून घेतलेल्या जागेवर एकच मजला बसतो आणि पुढे भावाभावांत वाटणीचा वाद उभा राहतो. म्हणून हा विषय सभासदांपुढे मांडत आहोत.

घराच्या चार जाती

उसाच्या जशा जाती, तशा घराच्याही आहेत. पहिले स्वतंत्र घर. याच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. कागदावर तिला 'सामासिक अंतर' म्हणतात. आपण सरीत अंतर ठेवतो ते वारा-उजेड खेळावा म्हणून, हेही तसेच.

दुसरे जोडघर. दोघा शेजाऱ्यांची एक भिंत लागून, बाकी तीन बाजू मोकळ्या. तिसरे ओळघर, म्हणजे रो-हाऊस. मधल्या घराला पुढे आणि मागेच काय ती मोकळी जागा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती. चौथी सदनिका, म्हणजे फ्लॉट. तिथे जमीन आणि गच्ची सगळ्यांची मिळून असते. वर आणखी एक खोली चढवीन म्हणाल, तर ते एकट्याच्या हातात नसते.

कोणत्या प्लॉटवर कोणती जात बसेल, हे प्लॉटची रुंदी आणि क्षेत्र बघून ठरते. ओळघरासाठी पाडलेल्या चिंचोळ्या प्लॉटवर चारी बाजू मोकळ्या असलेला बंगला बसत नाही. तेव्हा मंजूर रेखांकनात आपला प्लॉट कशासाठी दाखवला आहे, हा पहिला प्रश्न.

दोन गुंठ्यांचा हिशेब

मुंबई आणि काही खास क्षेत्रे सोडली तर राज्यात बांधकामाला २०२० सालची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. गावठाणाचा दाट भाग निराळा. बाहेरच्या नव्या वस्तीत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ आहे. याचा अर्थ, सगळे मजले मिळून बांधकाम प्लॉटच्या १.१ पट.

आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब असा दोन गुंठ्यांचा प्लॉट २१७८ चौरस फुटांचा झाला. १.१ ने गुणले की सुमारे २३९५ चौरस फूट. समजा, पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ फूट जागा सोडावी लागली. उरले २३ गुणिले ५१, म्हणजे ११७३ चौरस फूट. दोन मजल्यांत २३४६ संपले. तिसऱ्या मजल्याला हातात राहिले ५० फूट! उंचीचा नियम आडवा आला नाही, तरी क्षेत्राचा आला. जिना, बाल्कनी वगैरेंसाठी अधिमूल्य भरून जादा क्षेत्र मिळते, पण ते पैसे मोजून. गुंठ्याच्या दरात ते धरलेले नसते.

रस्ता किती फुटी?

पुष्कळ सभासद प्लॉटची दिशा विचारतात, रस्त्याची रुंदी विचारत नाहीत. खरे मोल तिच्यात आहे. नव्या वस्तीत ९ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ३० फुटांपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्याचा जादा निर्देशांक किंवा विकास हक्क बसवता येत नाही. त्यापुढे रस्ता जसा रुंद, तशी मुभा वाढत जाते. म्हणून दोन प्लॉट सारख्याच दराने मिळत असतील, तर रुंद रस्त्याचा घ्यावा. रस्ता मंजूर नकाशावर किती रुंद आहे ते बघा. जागेवर टाकलेला मुरूम बघून भुलू नका.

उंची वरून आणि खालूनही

इमारत १५ मीटरच्या वर गेली, की बाजूचे आणि मागचे अंतर उंचीच्या पाचव्या हिश्श्याइतके ठेवावे लागते. २० मीटर उंचीला ४ मीटर, म्हणजे १३ फूट. आपल्या ३३ फुटी प्लॉटच्या दोन्ही बाजूंचे २६ फूट गेले, उरले ७. सात फुटांत घर होत नाही, बोळ होतो. शिवाय आगीपासून बचावाच्या अटी कडक होतात. 'इथे पुढे टॉवर होणार' असे सांगून जो दर चढवतो, त्याला हा हिशेब विचारावा.

विमानतळाच्या आसपास उंचीला विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो, आणि तिथे उंची समुद्रसपाटीपासून धरतात. माळावरच्या उंच प्लॉटला त्यामुळे कमी मजले मिळू शकतात. एकास पाचपेक्षा जास्त उताराच्या टेकडीवर तर बांधकामच नाही.

नदीकाठच्या सभासदांनी मात्र उंची खालून मोजावी. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. नदी आणि निळी पूररेषा यांच्यामधल्या पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही. निळ्या आणि तांबड्या रेषेच्या मध्ये परवानगी मिळाली, तरी जोते तांबड्या रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे लागते. भराव आणि दगडकाम यांचा तो खर्च खरेदीच्या दिवशी कोणी सांगत नाही. नदीकाठचा प्लॉट स्वस्त का, याचे उत्तर बहुधा तिथेच असते.

इसार देण्याआधी

१. नगरपालिका किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. प्लॉट शेती पट्ट्यात आहे, आरक्षणात आहे की निवासी पट्ट्यात, ते त्यात दिसते.

२. मंजूर रेखांकनाची सही-शिक्क्याची नक्कल मागा. एजंटाकडचा रंगीत नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे.

३. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठाहून अधिक प्लॉट पाडून विकायचे असतील, तर २०१६ च्या कायद्याने महारेराची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा.

४. गुंठेवारीचा प्लॉट 'पुढे नियमित होईल' या बोलीवर घेऊ नका. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची सवलत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांना मिळाली. त्यानंतरच्या तुकड्याला तिचा आधार नाही.

५. सातबारा आणि मोजणी बघाच. पण परवानाधारक अभियंत्याकडून कच्चा आराखडाही काढून घ्या. त्याची फी एका गुंठ्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

हे सगळे बघायला चार-सहा दिवस जातील. 'उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय' असे कोणी म्हणाला, तर त्याला खुशाल देऊ द्या. अठरा महिन्यांचा आडसाली ऊस सांभाळणाऱ्या माणसाला आठ दिवस थांबणे जड जाऊ नये.