अशोकाची साल आणि आपली मागणी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात. तेव्हा चिंता औषधींचे रसवीर्य नष्ट होण्याची होती. आज औषधी काढण्याचा वेग हेच त्यांच्या नाशाचे एक कारण झाले आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील आम्हा वैद्यांजवळ व औषधविक्रेत्यांजवळ रान नाही, मागणी मात्र आहे.

अशोकाचेच उदाहरण घेऊ. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टास एक तुला, म्हणजे सुमारे ४.८ किलो साल लागते. खोडाची साल सर्व बाजूंनी सोलली, की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही व वृक्ष उभ्याउभ्या वाळतो. हा वृक्ष आययूसीएनच्या यादीत संकटाच्या छायेत गणलेला आहे. खरी साल दुर्मीळ झाली, की तिच्या नावाने आसुपालवाची साल येते. इमारतींच्या फाटकाशी सरळ उंच वाढणारा, मुंबईकर ज्यास सर्रास अशोक म्हणतात, तो हाच. त्याची फुले हिरवट. सीताअशोकाची केशरी-तांबडी, झुबक्यांनी येणारी. ज्यांना शंका असेल त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील सीताअशोक एकदा अवश्य पाहावा. रक्तप्रदराच्या रुग्णेस आसुपालवाने गुण आला नाही, तर दोष मात्र शास्त्राच्या माथी येतो.

दशमुळांची स्थिती अधिक बिकट आहे. बृहत्पंचमूळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी यांचे मूळ खणले, की झाडच जाते. स्थूल मुळांची केवळ त्वचा घ्यावी, असे शार्ङ्गधर सांगतो. पण ती त्वचा मिळवण्यासाठीही मूळ उकरावेच लागते. मूलत्वचेऐवजी खोडाची साल वा कोवळ्या फांद्या चालतील काय, यावर तुलनात्मक अभ्यास झाले आहेत. आमच्या मते हा विचार शास्त्रबाह्य नाही. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचे नमूद करून भावमिश्राने मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी सांगितलीच आहे.

शासकीय प्रयत्नांत २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ लागवडीस साहाय्य करते. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये २०२३ साली दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांस राज्य मंडळास पूर्वसूचना देण्यातून वगळले. लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही सवलत दिली, परंतु त्यासाठी उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते. फार्मसीचालकांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

कच्चा माल घेताना आम्ही आता तीन गोष्टी बिलावर लिहून मागतो: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पत्तिस्थान, आणि माल रानातला की लागवडीचा. काही व्यापारी नाक मुरडतात. दर चढा पडतो, हेही खरे. परंतु आज लावलेला अशोक साल देण्याजोगा होण्यास अनेक वर्षे जातात, आणि खात्रीचे गिऱ्हाईक दिसल्याखेरीज शेतकरी तो लावणार नाही.