संमेलन आणि बैठक

मराठी साहित्य संमेलन इंदूर नगरीत तीनदा भरले. १९१७ साली ग. ज. आगाशे, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष यांनी अध्यक्षपद भूषविले. या सोहळ्यांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि लेखणीला वळण लागते ते पंधरा-वीस जणांच्या बैठकीतच.

अशाच एका लेखन-कार्यशाळेत एका मुलाने आपला निबंध वाचला. ‘आजीने मला चांगली शिक्षा दिली,’ हे वाक्य येताच सारे हसले. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे ठाऊक असूनही मीही हसलो. निबंध अपुराच राहिला आणि तो मुलगा पुन्हा आला नाही.

आपली मुले हिंदी वातावरणात शिकतात. लिपी एकच असल्याने त्यांना मराठी वाचता येते. परंतु शब्दांचे अर्थ निसटतात. यात त्यांचा काय अपराध? तेव्हापासून मी आधी लेखन अखेरपर्यंत ऐकतो, शब्दांची चर्चा मागाहून करतो.

वाचकहो, पुढील बैठकीस येताना मुलांनाही अवश्य आणावे. चुकांसह लिहिलेले त्यांचे पानही आपण आदराने ऐकू या.