चूक बोटाची की पडद्याची?

कुरुंद्याच्या शिवारात, वसमत तालुक्यातल्या बहुतेक गावांप्रमाणेच, सोयाबीनमध्ये तुरीचं तास असतं. शेतकऱ्याच्या लेखी तो एकच पेरा. ई-पीक पाहणीचं, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद करायचं ॲप मात्र विचारतं: पीक निर्भेळ की मिश्र? मुख्य कोणतं, दुय्यम कोणतं? क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती? जन्मभर एकरात बोललेला माणूस इथे अडखळतो आणि हे आपल्याला जमायचं नाही म्हणून फोन पोराच्या हाती देतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर तलाठ्याच्या पाहणीचं काम असं शेतकऱ्याच्या बोटावर आलं. पण अडखळला म्हणून तो अडाणी ठरतो का?

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न वैमानिकांबाबत पडला होता. बी-१७ विमानं उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाकंच आत ओढून घेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चपानिस यांनी पाहिलं, तर दोन्ही बटणं शेजारी आणि दिसायला सारखी. त्यांनी एकाला रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. दोष यंत्राच्या रचनेत होता. पुढे संगणकाच्या जगातही मानसशास्त्रज्ञ आले. १९६० मध्ये माणूस आणि संगणकाच्या सहजीवनाची कल्पना मांडणारे लिकलायडर मुळात मानसशास्त्राचेच.

यंत्र माणसाच्या मनाला साजेसं घडवण्याच्या या विचाराचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘स्वरचक्र’. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी तो कळफलक घडवला. २०१३ च्या सुमारास तो मोबाइलवर आला. त्याआधीचा इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध खरा, पण कोणतं अक्षर कुठे हे पाठ करावं लागे. टंकलेखकाला ते परवडतं, कधीमधी लिहिणाऱ्याला नाही. स्वरचक्रात व्यंजनं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. ‘क’वर बोट टेकलं की भोवती का, कि, की, कु उमटतात, हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. आठवण्यापेक्षा ओळखणं मेंदूला सोपं जातं, हे मानसशास्त्राचं साधं तत्त्व. मराठी माणसाच्या मनात बाराखडी आधीच आहे. ती पडद्यावर आणणं एवढंच काम होतं. ते सुचायला मात्र इतकी वर्षं लागावीत, याचं नवल वाटतं.

ई-पीक पाहणीनेही एक शहाणपण दाखवलं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोय आली. चूक निस्तरता येते हे कळलं की बोट धीट होतं. तरी हेक्टर-आरचा प्रश्न उरतोच. एकर लिहू द्या, हिशेब यंत्र करील. त्यासाठीच तर ते आहे.

असे अडथळे आणखी कुठे आहेत, हे शोधणं अवघड नाही. कुरुंदा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथल्या महाविद्यालयांत मानसशास्त्रही शिकवतात आणि संगणकशास्त्रही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या खरिपात कुरुंद्याच्या बांधावर उभं राहून, शेतकऱ्याला काहीही न सुचवता, त्याचं बोट कुठे थांबतं तेवढं टिपावं आणि ती यादी ॲप बनवणाऱ्यांकडे पाठवावी.