वैभव कोणते आणि भपका कोणता?

भाषेचा प्रश्न म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे विधानसभा, राजभाषा कायदा आणि शाळांचे माध्यम एवढेच उभे राहते. १९८७ च्या कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराची तरतूद झाली, आणि त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. ती पडायलाच हवी होती. पण भाषा केवळ कायद्यात जगत नाही. ती दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत आणि जमिनीच्या जाहिरातीतही जगते, आणि तेथे ती रोज थोडी थोडी मागे सरते आहे. श्रीमंती आणि भव्यता सांगणारी इंग्रजी विशेषणे हे त्याचे ठळक उदाहरण.

पाळी हे डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्यातले गाव. लोहखनिजाने या परिसरात पैसा आणला, पैशामागून नवी घरे आली आणि घरांमागून नवे शब्द आले. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पैसा आटला, शब्द मात्र राहिले. डिलक्स, रॉयल, ग्रँड, प्रीमियम, लक्झरी! केस कापण्याच्या दुकानापासून लग्नाच्या सभागृहापर्यंत हे शब्द कोणालाही चिकटतात. ‘लक्झरी’ची तर आमच्या बोलण्यात रात्रीची खासगी बस होऊन गेली. जो शब्द सगळ्यांना लागतो, तो शेवटी कोणाविषयीच काही सांगत नाही.

यात इंग्रजीला नावे ठेवण्याचे कारण नाही. इंग्रजीने आपली विशेषणे नीट तोलून ठेवली आहेत. ‘लक्झरी’ शब्दाच्या लॅटिन मुळाशी ‘अतिरेक’ आहे, आणि कित्येक शतके तो दूषण म्हणूनच वापरला गेला. पोर्तुगीज जाणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना ‘लुशु’ म्हणजे चैन आणि ‘लुशुरिया’ म्हणजे कामवासना हे जवळचे नाते ठाऊक असेल. ‘सम्प्चुअस’च्या पोटात खर्च आहे, ‘लॅव्हिश’च्या पोटात जुन्या फ्रेंचमधला धो धो पाऊस आहे. ‘पॅलेशियल’ हा शब्द रोममधल्या ज्या टेकडीवर सम्राटांचे वाडे होते, तिच्या नावावरून आला. आणि नुसता देखावा करणाऱ्याला इंग्रज ‘ऑस्टेंटेशस’ म्हणतो, ते कौतुकाने नव्हे. म्हणजे स्तुतीला एक शब्द आणि निंदेला दुसरा, अशी सोय त्या भाषेत आहे. आमच्याकडे आले ते फक्त जाहिरातीतले स्तुतीचे शब्द. लेबले आली, मापे तिकडेच राहिली.

मग मराठीत ही मापे नाहीत काय? भरपूर आहेत. ‘ऐश्वर्य’ ईश्वराशी नाते सांगते. त्यात सत्ता आहे आणि जबाबदारीही आहे. ‘वैभव’ पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ‘सुबत्ता’ घरातल्या कणगीपर्यंत पोचते. घर ‘ऐसपैस’ असते, इमारत ‘टोलेजंग’ असते, माणूस ‘रुबाबदार’ असतो, लग्न ‘थाटामाटाचे’ होते. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला ‘भपका’ आणि ‘डामडौल’ हे दोन खमके शब्द बसलेले आहेत. डोळे दिपतात पण आत काही नाही, हे सांगायला मराठी माणसाला दुसरा शब्द लागत नाही.

यांतले कितीतरी शब्द बाहेरून आले, हेही मान्य करू. ‘आलिशान’, ‘शाही’, ‘दिमाख’, ‘रुबाब’ ही सारी फारसी-अरबीची देणगी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी हे शब्द उरले, कारण लोकांनी ते घासून आपले करून घेतले होते. ‘दिमाख’ म्हणजे मुळात मेंदू. मराठीने त्याला डौलात चालायला शिकवले. उसने घेणे हा दोष नव्हे. अर्थ न तपासता घेणे हा दोष.

आमच्याच मुलुखातली उदाहरणे पाहा. पेडण्याच्या देशप्रभूंच्या घराण्याला पोर्तुगीज राजवटीने व्हायकाउंटचा किताब दिला. पर्यटनाची इंग्रजी पुस्तके त्यांच्या घराला ‘पॅलेस’ म्हणतात, गाव मात्र ‘वाडा’च म्हणतो, आणि त्या एका शब्दात चौक, देवघर आणि माणसांचा राबता सगळे येते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या मधल्या अंगणाला ‘राजांगण’ म्हणतात. त्याहून राजेशाही शब्द कोणता जाहिरातदार देणार? आणि डिचोली तालुक्यातलेच नार्वे घ्या. तेथील सप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी करविला. देऊळ आकाराने लहान, साधे. त्याला ग्रँड म्हणता येणार नाही. तरी या मुलुखाचे वैभव विचारले तर बोट तिकडेच जाईल.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या जमिनीकडे साऱ्या देशाच्या नजरा वळल्या. ज्याच्या बापजाद्यांनी ती जमीन कसली तो मराठीत विचार करतो, आणि तिची जाहिरात होते इंग्रजीत. तिथला आवडता शब्द आहे ‘एक्सक्लुझिव्ह’. त्याचा सरळ अर्थ, इतरांना बाहेर ठेवणारे. हे ‘इतर’ कोण, हा प्रश्न त्या फलकापुढून रोज जाणाऱ्या गावकऱ्याने स्वतःला विचारावा. फलक झळकतो आहे म्हणून आपण कौतुकाने पाहतो. तोच मजकूर मराठीत असता तर गावसभेत कोणीतरी उठून उभा राहिला असता.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. लग्नपत्रिका, पाट्या, मंडळांचे अहवाल यांत आपली विशेषणे जागेवर वापरा. शाळेत मुलांना ‘भव्य’ आणि ‘भपकेबाज’ यांतला फरक उदाहरणांनी सांगा. आणि जमिनीचा वा घराचा कोणताही व्यवहार करण्याआधी माहितीपत्रक मराठीत मागून घ्या. भाषांतर करताना विशेषणे आपोआप गळून पडतील. मागे उरतील ते चौरस मीटर, पाण्याची सोय, वाट आणि किंमत. सही करायची असते ती त्यावर.